पितृपक्षातला रविवार: कुणाचंच आमंत्रण नाही

अर्धा_कप (रविवार, संध्याकाळी ५.१०)

आज दिवसभरात फोन एकदाच वाजला. "गॅसची शेगडी दुरुस्त करता ना?" नाही हो. बाहेरच्या जगाशी बोलणं झालं ते एवढंच.

गणपती जाऊन पाच दिवस झाले, नवरात्राला अजून दहा-अकरा दिवस आहेत. मधल्या या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, कुणाच्या नव्या गाडीचे पेढे नाहीत. बाकीचे रविवार आपले नसतातच मुळी. ते बारशाचे असतात, डोहाळजेवणाचे असतात, नाहीतर "सहज या बाजूला आलो होतो"वाल्यांचे असतात. पितृपक्षात कुणी मुहूर्त धरत नाही, त्यामुळे आपल्यालाही कुणी धरून नेत नाही. पेपरसुद्धा आज हाताला हलका लागला. पानपानभर फ्लॅटच्या जाहिराती घटस्थापनेची वाट बघत थांबल्या असणार. लोक या दिवसांना अशुभ म्हणतात. मी म्हणतो, वर्षातले खरे सुट्टीचे रविवार हे दोनच, फार तर तीन.

सकाळी सव्वासहाला आपोआप जाग आली. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर पूर्वेला आहे. उन्हाळ्यात सूर्य डावीकडच्या बिल्डिंगआडून वर येतो, थंडीत उजवीकडच्या पाण्याच्या टाकीमागून. फक्त २२-२३ सप्टेंबरच्या पुढेमागे आठवडाभर तो दोन्हींच्या मधल्या फटीतून उगवतो, आणि उन्हाची एक पट्टी थेट फळीवरच्या मिठाच्या बरणीवर पडते. ढग नसतील तर. सहा-सात मिनिटं बरणी आतून पेटल्यासारखी दिसते, मग पट्टी सरकत डाळीच्या डब्यावर जाते आणि मजा संपते, कारण डबे स्टीलचे. मार्चमध्ये पुन्हा एकदा हे होतं, पण तेव्हा मार्च एंड असतो, बघतो कोण! आज चहाचा कप घेऊन उभं राहून बघितलं. मग उरलेला अर्धा कप बसून घेतला.

सोसायटीच्या मागच्या भिंतीला प्राजक्त आहे. त्याचा सडा रोज एका पांढऱ्या गाडीवर पडतो आणि गाडीवाले रोज कुरकुरतात. झाडणाऱ्या मावशी यायच्या आत लेक (वय वर्षं अकरा) ताटली घेऊन खाली गेली. माझी आई प्राजक्ताचे देठ खुडून वाळवायची आणि त्यात रुमाल रंगवायची, हे तिला मागे कधीतरी सांगितलं होतं. ते तिने आज बाहेर काढलं. मग काय, दोघं फरशीवर बसून देठ खुडत राहिलो. पाकळ्या इतक्या नाजूक की बोटाला चिकटून राहतात, आणि नखं केशरी होतात. दोन ओंजळी फुलांचे देठ जेमतेम चार चमचे भरले. पातेलीत पाणी घालून उकळले, गाळले, त्यात माझा जुना पांढरा रुमाल बुडवून ठेवलाय. सध्या तो केशरीपेक्षा पिवळ्याकडे झुकलाय.

नाश्त्याला फोडणीची पोळी. ऊन चांगलं होतं म्हणून आम्ही गाद्या आणि गोधड्या गच्चीवर नेल्या. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या गोधडीला जो वास येतो, त्याला मराठीत शब्द आहे का? कुबट म्हणतात, पण कुबटमध्ये नुसता राग आहे. या वासात थोडं आजोळसुद्धा असतं.

दुपारी मुगाची खिचडी, आणि तिच्या आधी, नंतर आणि बरोबर ओल्या भुईमुगाच्या शेंगा. कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून किलोभर आणल्या. चार पाण्यांनी धुतल्या तरी पाचव्याला माती निघतेच. कुकरमध्ये शेंगा बुडतील एवढं पाणी, मूठभर खडेमीठ, चार शिट्ट्या. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. वाफ गेली तरी झाकण उघडायचं नाही. अर्धा तास त्याच खाऱ्या पाण्यात राहू द्यायच्या, नाहीतर मीठ टरफलावरच राहतं. मग शेंग दाबली की चिर्रर्र करून चिळकांडी उडते, बहुतेक वेळा समोरच्याच्या चष्म्यावर. कोवळ्या शेंगेत दाणा इवलासा असतो, पण टरफलाच्या आतली पांढरी गादी चोखून खायची असते. ती टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या वाटणीच्या शेंगा घेतो.

मग डावी कुशी. साडेतीनला गडगडाटानं उठवलं. सकाळी एवढं लख्ख ऊन, आणि दुपारी पश्चिमेकडून काळंकुट्ट. गाद्या आणायला तिघं धावलो. दोन वाचल्या, एक कोपऱ्यात भिजली. आता ती दिवाणखान्यात उभी आहे आणि पंखा तिच्याकडे तोंड करून ठेवलाय. पाहुणा म्हणाल तर आज एवढाच.

तुमचा कसा गेला?

तळ्यात_मळ्यात

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे सकाळपासून तीन जण येऊन गेले. पितृपक्ष चालू आहे हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

खडूस_आजोबा

पितृपक्ष अशुभ ही बाजारगप्प आहे. पंधरा दिवस पूर्वजांची आठवण काढायची, त्यात अशुभ काय? बाकी लेख बरा. डाव्या कुशीची झोप वीस-पंचवीस मिनिटांची असावी. साडेतीनपर्यंत झोपणं म्हणजे वामकुक्षी नव्हे, कुंभकर्ण.

चुलीपुढची

लेख आवडला, पण एक प्रश्न आहे. सुट्टी कुणाची?

आज आमच्याकडे सासऱ्यांची तिथी होती. पहाटे साडेचारला उठले. तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळूवड्या, गवार, भेंडी, भोपळ्याची भाजी, कारलं, आमसुलाची चटणी, काकडीची कोशिंबीर, कढी, पुरण, वरण-भात. हे सगळं न चाखता करायचं. न चाखता! खिरीत साखर आहे की मीठ, हे पितरांनाच आधी कळणार. गुरुजींना आज पाच घरं होती, आमचा नंबर चौथा. ते सव्वाबाराला आले. मग पान गच्चीवर ठेवलं आणि कावळ्याची वाट. गल्लीत एरवी पन्नास कावळे, आज एक नाही. त्यांनाही पाच-पाच घरं असणार. दीर म्हणाले, "बाबांची काहीतरी इच्छा राहिलीय." मी मनात म्हटलं, त्यांची काय राहिलीय ते माहीत नाही, माझी पाठ टेकायची राहिलीय. शेवटी आला एक, त्यानं वडा उचलला, आणि आम्ही अडीचला जेवायला बसलो.

तुमचं बरोबर आहे, या दिवसांत आमंत्रण कुणाचं नसतं. कारण ज्यांना बोलवायचं ते घरातच जेवायला असतात. आमच्याकडे आज चौदा पानं होती.

तळ्यात_मळ्यात

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धा_कप

चुलीपुढची, खरं आहे, मान खाली घालून वाचलं. आमच्याकडे बाबांची तिथी गुरुवारी झाली. मी अर्धी रजा टाकली, दर्भ धरून बसलो आणि दुपारी ऑफिसला गेलो. बाकीचं जे काय झालं ते स्वयंपाकघरात झालं. आजचा रविवार मला निवांत वाटला त्यात गुरुवारचा वाटा आहे, हे लिहिताना लक्षात आलं नव्हतं.

बायको मागून वाचतेय. तिची दुरुस्ती तिच्याच शब्दांत टंकतो: "'आम्ही गाद्या गच्चीवर नेल्या' यातला 'आम्ही' जिन्यात चष्मा शोधत होता. गाद्या मी आणि लेकीनं नेल्या. शिवाय कुणी विचारलं नाही म्हणून सांगते, तुम्ही देठ खुडत होतात तेव्हा मी तांदूळ निवडत होते. टोके झालेत."

खिचडी मात्र मी केली होती. हे तिला मान्य आहे. "जरा पातळ झाली होती" या अटीवर.

पाटावरवंटा

टोक्यांसाठी: तांदूळ पातळ पसरून सावलीत, कडक उन्हात नको, उन्हानं दाण्याचे तुकडे होतात. टोके आपले आपण चालायला लागतात. मग डब्यात सुकवलेला कडुनिंबाचा पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात. आमच्याकडे त्यांना पोरकिडे म्हणतात. आई म्हणायची, पोरकिडे झाले म्हणजे तांदळात जीव आहे, चमकवून चमकवून मेलेला नाही.

बाकी न चाखता स्वयंपाकाबद्दल: मिठाचं माप हाताला कळतं हो. तीस वर्षं झाली की.

भातखाचर

संगमेश्वराकडून लिहितोय. तुमच्या निवांत दुपारी जो गडगडाट झाला, तो आमच्या छातीत होतो.

हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात निसवून आता दाणा भरतोय. अजून दहा-बारा दिवसांत कापणीला येईल. अशा वेळी दुपारची सर आली आणि वारा सुटला की भात आडवं. आडवं पडलेलं भात पाण्यात राहिलं तर लोंबीतच मोड येतात. दिवसा माकडं, रात्री डुकरं, त्यामुळे राखणही चालू आहे. पण घरात बसून काही करता येत नाही हेही खरं, म्हणून आज आम्हीसुद्धा बसलोच होतो. बसणं आणि आराम यात फरक आहे इतकंच.

म्हातारीनं तवसं (मोठी काकडी) काढलं वेलावरचं, हातभर लांब, पिवळं पडलेलं. त्याचं धोंडस झालं. किस पिळायचा नाही, त्याच्याच पाण्यात तांदळाचा रवा भिजवायचा, गूळ, थोडं खोबरं, खाली-वर हळदीची पानं, आणि झाकणावर निखारे. ओव्हनमध्ये होतं म्हणतात, होऊ दे. झाकणावरच्या निखाऱ्यांवर अधूनमधून शेणीचा तुकडा टाकायला माणूस लागतो, तो माणूस आज मी होतो. दीड तास. तुमच्या मिठाच्या बरणीइतकं नाही, पण बघत बसायला बरं असतं.

म्हण आहेच: पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा. तुमचा आजचा पाऊस उत्तरा नक्षत्राचा.

मावळचा_गडी

भातखाचर, दुरुस्ती. पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा. आमच्या आजीनं मरेपर्यंत हेच म्हटलं.

भातखाचर

तुमच्या आजीला नमस्कार. आमच्याकडे उत्तरा.

पाटावरवंटा

आमच्याकडे पण चित्रा. आणि पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती. पण कुत्रा भात का खात नाही, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. इतका पिकतो की कुत्र्यालाही कंटाळा येतो, की इतका नासतो की कुत्राही तोंड लावत नाही?

मावळचा_गडी

नासतो. चित्रात भात कापून खाचरात पडलेला असतो. त्यावर पाऊस पडला की काळा पडतो, वास मारतो.

भातखाचर

पिकतो! उत्तरेत दाणा भरताना पाणी लागतंच. तेव्हा पाऊस दगा देऊन गेला तर नुसती फोलं.

पंचांगवाला

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकता. ही पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो ती. साधारण तेरा-चौदा दिवसांचं एक. उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास लागतं, हस्त २७ च्या, चित्रा १० ऑक्टोबरच्या. उत्तरेत भात उभं असतं, चित्रात हळवं भात कापलेलं असतं. म्हणजे उत्तरा लावून म्हटली तर म्हण आशीर्वादाची होते, चित्रा लावून म्हटली तर शापाची. कुत्रा दोन्हीकडे उपाशीच.

हेही लक्षात घ्या की नक्षत्रं सौर आहेत, त्यांच्या तारखा हलत नाहीत. पितृपक्ष चांद्र, तो हलतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, तेव्हा सर्वपित्री १४ ऑक्टोबरला आली. त्या वर्षी अर्धा_कप यांना हा रविवार घामात काढावा लागला असता. आणि उन्हाच्या पट्टीचा आठवडा पितृपक्षातच येईल असंही दरवर्षी नाही.

अर्धा_कप

पंचांगवाला, म्हणजे मिठाची बरणी सौर आणि माझी सुट्टी चांद्र. हे डोक्यात आलं नव्हतं. २०२३ आठवतंय, पंखा पाचवर होता आणि झोप नव्हती.

ढगाआड

दुपारच्या पावसाबद्दल थोडं, विषय निघालाच आहे तर. हवामान खात्यानं २०२० मध्ये मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या. पश्चिम राजस्थानातून पाऊस परतायला लागायची सरासरी तारीख आधी १ सप्टेंबर धरत, ती आता १७ सप्टेंबर आहे. मुंबईतून निघायची सरासरी ८ ऑक्टोबर. म्हणजे पुण्या-मुंबईकडे हा पाऊस अजून हक्कानं राहतोय, पाहुणा नव्हे.

फक्त त्याची चाल बदलते. जुलैतला पाऊस समुद्रावरून वारं घेऊन येतो आणि दिवस-दिवस रिपरिपतो. आता वारं पडलेलं असतं, जमिनीत ओल भरपूर असते, सकाळी ऊन तापतं, वाफ वर जाते आणि दुपारी तीन-चारपर्यंत जागच्या जागी ढग उभे राहतात. म्हणून गडगडाट, म्हणून तासाभरात खलास, म्हणून एका पेठेत पूर आणि दुसरीत धूळ. गाद्या वाळवायच्या असतील तर अकरा ते दोन. दोनला खाली. हा नियम आमच्या घरात भिंतीवर लिहायचा बाकी आहे.

खडूस_आजोबा

आमच्या वेळी न लिहिता कळत असे.

वर्धेकरीण

अर्धा_कप, तुमची थिअरी आमच्याकडे चालत नाही. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेलाच भुलाबाई बसते, ती थेट कोजागिरीपर्यंत. म्हणजे पितृपक्षभर रोज संध्याकाळी पोरींचा घोळका घरोघर. आज आमच्याकडे बारा जणी होत्या. गाणी झाली की खाऊ ओळखायचा खेळ. डबा वाजवून बघतात, वास घ्यायला देत नाही. आज मी मुद्दाम मुरमुऱ्याच्या चिवड्याचा डबा गच्च भरला, आवाजच येऊ दिला नाही. गोड, तिखट, आंबट, सगळं विचारून झालं, शेवटी एका चौथीतल्या पोरीनं झाकणाच्या कडेला लागलेली हळद बघून ओळखला. पुढे पोलिसात जाणार ती.

तेव्हा निवांतपणा पुण्याचा असेल. आमच्याकडे संध्याकाळी सहानंतर अंगण मोकळं नसतं, आणि तेच बरं वाटतं.

केळीचंपान

खानदेशात गुलाबाई. दिवस तेच. आमच्या जळगावच्या वाड्यात गुलाबाई-गुलोजींची मातीची जोडी आणायचे. पुण्यात आल्यावर कळलं की इथे हादगा हस्त लागल्यावर नाहीतर भोंडला नवरात्रात. म्हणजे पुणेकरांनी पंधरा दिवस खाऊ वाचवला.

अर्धा_कप

पुणेकरांवर घसरायला चाळीस प्रतिसाद लागतील असं वाटलं होतं. पंधरा-सोळातच झालं.

न्यू_जर्सीतला_नाना

इथे पंचांग हॉलच्या तारखेवर चालतं. आमच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम काल शनिवारी झाला, म्हणजे भर पितृपक्षात. आरती, मोदक, लेझीम, सगळं. एका काकूंनी हळूच विचारलं, "हे चालतं का?" अध्यक्ष म्हणाले, "काकू, पार्किंग मिळालंय."

आज रविवार मात्र तुमच्यासारखा. सगळे मित्र मुलांना घेऊन सफरचंदं तोडायला गेलेत. आम्ही मुद्दाम नाही गेलो. मागच्या अंगणातल्या मेपलची एकच फांदी लाल झालीय, बाकी झाड हिरवंगार. बायको म्हणते, ती फांदी आजारी असेल. सकाळी एकोणीस... आपल्या मापात सांगतोय... सेल्सिअस होतं. स्वेटर घालून व्हरांड्यात बसलो आणि आई-बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र. बाबा डुलक्या घेत होते, आई भिंतीवरची पाल दाखवत होती. काही बोलणं असं झालं नाही. पन्नास मिनिटं झाली.

शेंगा इथे खारवलेल्या, भाजलेल्या मिळतात. ओल्या दिसल्या तर दोन तास गाडी चालवीन.

मेलबर्नकर

इकडे वसंत. सगळं फुललंय आणि मी शिंकतोय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

पायवाट

आज गच्चीवर गाद्यांच्या निमित्तानं गेला होतात तर वर बघितलं का? या दिवसांत चतुरांचे थवे असतात, पिवळसर, न बसता नुसते घिरट्या घालणारे. दुपारी पावसाआधी जास्त. हा छोटा जीव फार लांबचा प्रवासी आहे. ऑक्टोबरपासून ते मालदीवमध्ये मोठ्या संख्येनं दिसायला लागतात, आणि तिथून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात असं अभ्यासकांचं मत आहे. आमच्या टेरेसवरून जाताना कपड्यांच्या दोरीला वळसा घालून जातात, एवढं मी स्वतः बघितलंय.

आणि धोबी आला का कुणाकडे? करडा धोबी पक्षी, शेपटी सतत वर-खाली. थंडीचे पाहुणे यायला लागले की पहिल्या काहींत तो. आमच्या ओढ्याला शुक्रवारी एक दिसला.

मी पण आज घरीच होतो, कारण कासला जाऊन आलेले मित्र सांगत होते की फुलांपेक्षा गाड्या जास्त. आमच्या मागच्या टेकडीवर सोनकी येतेय, फुकट, आणि तिकीट-बिकीट काही नाही.

सीताफळाचे_डोळे

एवढा मोठा धागा आणि सीताफळाचं नाव नाही? काल दोन डझन आणली, तांदळाच्या डब्यात ठेवली. आज सकाळी चार पिकली. डोळे पांढरे होऊन फाकले की तयार.

तळ्यात_मळ्यात

सासवडची की बीडकडची? जपून उत्तर द्या.

सीताफळाचे_डोळे

हातगाडीवरची. मी भांडणार नाही. मला बिया थुंकायला दोन हात... तोंड मोकळं हवं.

पाटावरवंटा

टोके झालेल्या तांदळात सीताफळं ठेवू नका म्हणजे झालं.

रंगारीण

प्राजक्ताबद्दल, उशिरा आले. देठातला रंग केशरातल्या रंगाचाच नातलग आहे, म्हणून पाण्यात इतका पटकन उतरतो. पूर्वी रेशीमही यात रंगवत. पण पाण्यात पटकन उतरणारा रंग पाण्यातच पटकन जातो, हीच त्याची खोड. सुती कापडावर तर फार टिकत नाही. रुमाल आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून ठेवला असता तर जरा धरून राहिला असता. आता असं करा: सावलीत वाळवा, उन्हात नको. पहिलं धुणं थंड पाण्यात, साबण न लावता, आणि बाकी कपड्यांपासून लांब.

चार चमच्यांत एक रुमाल म्हणजे फिकाच येणार. तुमच्या आई बहुधा आठवडाभराचे देठ साठवत असतील.

अर्धा_कप

हो! एका बाटलीत. हॉर्लिक्सची काचेची बाटली, देवघरापाशी. तुम्ही लिहिलंत आणि बाटली दिसली. मला वाटायचं ते केशर आहे आणि आपण गुपचूप श्रीमंत आहोत.

तुरटी माझ्या दाढीच्या डब्यात आहे. दुसऱ्या रुमालाला वापरतो.

चुलीपुढची (सोमवार, दुपारी २.२०)

काल जरा तोडून बोलले असेन तर सोडून द्या, पाठ बोलत होती.

आज सगळे कामावर, शाळेत. कालची खीर फ्रीजमध्ये होती, भांड्यातूनच खाल्ली. (साखरच होती. जरा जास्तच.) हातगाडीवरून अर्धा किलो शेंगा आणल्या, चार शिट्ट्या, आणि अर्धा तास झाकण उघडलं नाही. तो अर्धा तास मी पाटावर बसून कुकरकडे बघत होते. बारा वर्षांत या ओट्याकडे मी खालून कधी बघितलं नव्हतं. खालच्या कडेला मुलानं पेन्सिलीनं काढलेली आगगाडी आहे. तो आता नववीत आहे.

आता डावी कुशी. खडूस_आजोबा, पंचवीस मिनिटं मोजणार नाही.

खडूस_आजोबा

झोपा.

वर्धेकरीण

ती आगगाडी पुसू नका हो.

अर्धा_कप (बुधवार, रात्री ९.४०)

विचारणारे आहेत म्हणून लिहितो. गादी वाळली, पण कोपऱ्यात भारताच्या नकाशासारखा डाग राहिलाय, श्रीलंकेसकट. ती बाजू पायाकडे केली.

रुमाल आज धुतला. थंड पाणी, साबण नाही. बादलीतलं पाणी सुरेख केशरी झालं आणि रुमाल साईच्या रंगाचा. लेकीनं पाणी ओतू दिलं नाही, त्यात तिची बाहुलीची ओढणी टाकलीय.

दुसऱ्या रुमालासाठी बाटली सुरू केलीय, जॅमची. पांढऱ्या गाडीवाल्यांना विचारलं, टपावरची फुलं रोज सकाळी घेऊ का? म्हणाले, "घ्या की. वायपरखालची पण काढा, तिथे माझा हात जात नाही."